खवल्या मांजराची शेपूट तिसऱ्यांदा तडकली. ह्या पावसात शाडू वाळवायचा तरी कसा?

चकवाला (मच्छे, बेळगाव)

नमस्कार. मी उद्यमबागेत लेथवर असतो, बावीस वर्षं झाली. लोखंड कातणं हा धंदा. मातीत हात घातला तो यंदा पहिल्यांदा, आणि बायकोच्या मते शेवटचाच.

घरच्या गणपतीला आम्ही दरवर्षी छोटा देखावा करतो. यंदा पोरीनं (सातवीत आहे) जंगल ठरवलंय आणि त्यात खवल्या मांजर पाहिजेच. त्याला कारण आहे. मे महिन्यात जांबोटीवरून कणकुंबीला मेहुण्याकडं जाताना रात्री गाडीच्या उजेडात एक आडवं आलं. ब्रेक मारला तसं त्यानं अंगाचं मुटकुळं केलं आणि फणसासारखं रस्त्यात पडून राहिलं. आम्ही लाईट बंद करून थांबलो. बऱ्याच वेळानं उलगडलं, दोन पावलं थबकत गेलं आणि चरीतून झाडीत शिरलं. शेजारच्या कन्नड मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, ते आमचं चिप्पुहंदी. म्हणजे मराठीत मांजर आणि कन्नडात डुक्कर. नशीब बघा त्याचं.

तर केलं ते असं. कास्टिंग भरून येतात त्या सात प्लायच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला. बाजूचा आकार एक, त्यात आडव्या फासळ्या सहा, अर्ध्या-अर्ध्या खाचा मारून एकात एक अडकवलेल्या. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ३० इंच. पायांना आणि शेपटीला बांधकामाची बाइंडिंग तार. वरून शाडू, सगळीकडं सारखा एक इंच. हे झालं रविवारी. बुधवारी सकाळी बघतो तर पोट जमिनीला टेकलेलं, चारी पाय बाहेर फाकलेले, जोर मारता मारता मध्येच झोपलेल्या पैलवानासारखं. शेपटीच्या मुळाशी बांगडीसारखी गोल भेग. भरली. परत पडली. परत भरली, परत पडली. भेगेतून तांबडे डाग, म्हणजे तार गंजायलाय. पुठ्ठ्यात बोट घातलं तर शिऱ्यात घातल्यासारखं आत गेलं. काट्यावर ठेवलं तर ११ किलो.

आमच्याकडं जॉब जाड राहिला तर अजून एक कट मारता येतो, बारीक झाला की भंगारात. इथं उलटं, घालतच जायचं, आणि तरी बिघडतंय. माझी चूक मापात आहे की मालात? पावसात शाडू वाळवायची काही युक्ती आहे काय? की पुठ्ठा सोडून सरळ लाकूड घेऊ? चतुर्थीला २४ दिवस राहिलेत.

शाडूतला (अनगोळ)

दादा, माप बरोबर आहे, माल पण चालतोय. तुम्ही जोडी चुकीची लावली.

शाडू वाळताना आखडतो. तार काय आखडत नाही. आत तार ताठ उभी आणि बाहेरून माती आवळत येते, मग ती कुठंतरी फाटणारच. जिथं जाड अंग बारकं होतं तिथं आधी, म्हणून शेपटीच्या मुळाशी. तुमच्याकडं व्हर्नियर असंलच. शाडूची बोटाएवढी पट्टी करा, तिच्यावर १०० मिलिमीटरवर दोन रेघा मारा आणि वाळल्यावर परत मोजा. मग माझं पटंल.

मी दरवर्षी उन्हाळा संपला की मूर्तीच्या कारखान्यात असतो. आम्ही मातीत काथ्या बारीक तोडून नाहीतर कापूस पिंजून मळतो, तो भेगेला धरून ठेवतो. हाताला, सोंडेला तार घालायची झाली तर आधी तिच्यावर सुतळी गुंडाळायची आणि सुतळीला मातीचं पातळ पाणी चोळायचं. सुतळी जरा दबते, मातीला आखडायला जागा मिळते. नुसत्या गुळगुळीत तारेवर माती धरत नाही. आणि बाइंडिंग तार भट्टीत तापवून मुद्दाम मऊ केलेली असते, पक्कडीनं पीळ बसावा म्हणून. तिच्यावर ११ किलोचं जनावर उभं करताय तुम्ही. जीआय तार घ्या, जस्ताचा मुलामा असतो, लवकर गंजत नाही.

पुठ्ठ्यावर ओला शाडू तर बघायलाच नको. पुठ्ठा पाणी पिऊन मऊ होतो, माती पाणी देऊन त्याच्यावरून सुटते.

वाळवायचं म्हणाल तर पंखा, हीटर नको. वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं ओलंच राहतं आणि भेगा वाढतात. आम्ही ओलं फडकं टाकून हळूहळू उघडतो. पण एक इंच शाडू ह्या हवेत २४ दिवसांत आतपर्यंत वाळंल असं मी लिहून देणार नाही. मोडलेला शाडू टाकू मात्र नका. भाजलेला नाही, तर फोडून पाण्यात भिजवला की परत मळता येतो.

कॅम्पातला

मी मातीवाला नव्हे, ओल्ड मॅनवाला. (बाहेरच्यांना सांगतो, बेळगावात ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा म्हातारा जाळतात. मूळ कॅम्पातलं, आता गल्लोगल्ली.) आमचा दहा फुटी म्हातारा दोन पोरं खांद्यावर घालून नेतात, कारण आत पिंजर आणि कामट्या, बाहेर कागद आणि जुने कपडे. आणि तुमचं अडीच फुटी जनावर ११ किलो! पाटावर ठेवलं तर पाट मोडंल.

कातडं कागदाचं करा. पुठ्ठ्याचा सांगाडा चांगला आहे, तो ठेवा, फक्त पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या येतील असं कापा, आडव्या आल्या की वजनाला लगेच दुमडतो. मधल्या जागेत भाताचं पिंजर नाहीतर चुरगळलेला पेपर भरा, सुतळीनं आवळा, वरून मास्किंग टेप. मग खळ. एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचा आणि पांढरेपणा जाईपर्यंत ढवळायचा. पेपर कात्रीनं कापू नका, हातानं फाडा. फाटलेली कड खाली बसते, कापलेली कड रंगाखालूनही दिसते.

थर पाच. आता आमची युक्ती ऐका. एक थर मराठी पेपरचा, त्यावर एक कन्नड पेपरचा, परत मराठी. कन्नड थर लावताना कुठं मराठी अक्षर दिसलं की समजायचं, तिथं राहिलंय. आमच्या आजोबांपासून चालत आलंय. सीमाप्रश्नाचा एवढा तरी उपयोग.

दोन थर झाले की वाळू द्या. पाची एकदम चढवले तर आत बुरशी धरते आणि गणपतीपुढं कुबट वास येतो. खळीत चिमूटभर मोरचूद घातला की झुरळं लागत नाहीत, पुस्तकं बांधणारे बाइंडिंगवाले घालायचे तसा. पण तो विषारी, पोरगी हात घालणार असेल तर नको. त्यापेक्षा लवंगतेलाचे चार थेंब घाला. मुंग्या खाणाऱ्यालाच मुंग्या लागल्या तर लोक हसतील.

चकवाला

अण्णा, पेपरची युक्ती वाचून आमच्या घरात सगळे हसले. शेजारच्या मास्तरांकडून कन्नड पेपरचा गठ्ठा आणला. त्यांनी कशाला पाहिजे विचारलं, तर पोरगी म्हणाली, तुमच्या डुकरावर आमचं मांजर चिकटवायला.

शाडूची पट्टी वाळली. १०० चे ९४.२ झालेत. आमच्याकडं एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) इकडचा तिकडं झाला तर सुपरवायझर जॉब तोंडावर मारतो, आणि ही माती पावणेसहा मिलिमीटर खाऊन गप्प बसलीय. पटलं.

जुनं सगळं फोडलं. पायाला आता १० गेज जीआय, दोन पदर. हातानं पीळ बसत नव्हता, म्हणून एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं ड्रिलच्या चकात धरून हळू फिरवलं. दोरखंडासारखा सारखा पीळ आला. (कुणी करणार असेल तर चष्मा घाला आणि ड्रिल एकदम सुसाट सोडू नका. माझी पहिली तार सुटून भिंतीवरच्या कॅलेंडरला लागली.) पुढच्या डाव्या पायाची तार तशीच वर, पाठीतून आडवी जाऊन मागच्या उजव्या पायात उतरवलीय, दुसरी जोडी तशीच उलट. पाठीत फुली होते तिथं सुतळी. आता वर विटा ठेवल्या तरी फाकत नाही. तीन ठेवून बघितल्या. फोटो जोडलाय.

मेहुणा म्हणतो, एवढं कशाला, मातीचंच कर आणि खानापूरला भट्टीत टाकून आण.

दुसरं, खवले. मातीचे करू की पुठ्ठ्याचे? किती लागतील? पोरीनं डोक्याकडून चिकटवायला सुरुवात पण केलीय.

चाकावरचा (खानापूर)

मेहुण्यांना नमस्कार सांगा. आत पुठ्ठा आणि तार असलेला जॉब आमच्या भट्टीत येणार नाही. पुठ्ठा जळून धूर, तार तापून फुगणार, माती फुटणार आणि शेजारची मडकी पण जाणार. भाजायचं असेल तर आतून पोकळ, भिंत सगळीकडं सारखी आणि वाफ निघायला एक भोक पाहिजे. ते वेगळं काम आहे, उरलेल्या दिवसांत शिकायचं नव्हे.

रानजाई (खानापूर)

आधी मुलीला थांबवा! खवले डोक्याकडून लावायचे नसतात, शेपटीच्या टोकाकडून लावायचे. आपल्या खानापूरची कौलं कशी चढवतात? वळचणीपासून आढ्याकडं, वरचं कौल खालच्यावर. तसंच. शेपटीच्या टोकापासून सुरू करून डोक्यावर संपवायचं, आणि प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या सांध्यावर, म्हणजे दोन खवल्यांच्या मध्ये तिसरा. डोक्याकडून केलं तर प्रत्येक खवला आधीच्याच्या खाली घुसवत बसावं लागेल.

आपल्याकडच्या खवल्या मांजराच्या अंगावर आडव्या ११ ते १३ ओळी असतात आणि सगळे मिळून साधारण १६० ते २०० खवले. आपल्या नखाचा जो पदार्थ, तोच त्याच्या खवल्याचा. पोटाला, पायांच्या आतल्या बाजूला आणि चेहऱ्याला खवले नसतात. शेपटीला मात्र खालूनही असतात, हे चित्र काढणारे हमखास विसरतात. आकार एकसारखा करू नका, डोक्यावर बारीक, पाठीवर रुंद, शेपटीच्या कडेला दुमडून टोकदार.

मातीचे नको, परत वजन वाढेल. लग्नपत्रिका घ्या. घरोघरी गठ्ठा पडलेला असतो, टाकवत नाही आणि ठेवून उपयोग नाही. जाड असते, दुमडत नाही. खवला कापल्यावर संपलेल्या बॉलपेननं मुळाकडून टोकाकडं सात-आठ रेघा दाबून ओढा, मग उलटा करून तळहातावर चमच्याच्या पाठीनं घासा. आपोआप वाटीसारखा होतो.

आणि फोटोत पुढचे पंजे सपाट टेकवलेत तुम्ही. तो असा चालत नाही. पुढची नखं वारूळ फोडायची, म्हणून ती आत दुमडून मनगटाच्या भारावर चालतो. तुम्हाला रस्त्यात थबकत गेल्यासारखं वाटलं ना, ते त्यामुळंही असेल.

एक सांगते, विषय निघालाच आहे तर. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या गावात कुणी 'खरा खवला देतो, त्यावरून माप घ्या' म्हणालं तर हातही लावू नका. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, नुसता खवला घरात सापडला तरी गुन्हा. खवल्यांच्या चोरट्या धंद्यापायीच तो संपत चाललाय.

चकवाला

ताई, पंजे मोडून परत केले. आता खरंच तसंच दिसायलंय, दबकत आल्यासारखं.

हिशोब देतो. वजन १ किलो ९०० ग्रॅम. खवले १७४, मोजून. तीन साच्यांवर कापले, पत्र्याचे साचे मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत करून आणले. चेहरा आणि नखांना पिळलेला कागदाचा लगदा दोन भाग, शाडू एक भाग, थोडं फेविकॉल. मळताना पुरणासारखं लागतं हाताला. नुसत्या शाडूपेक्षा कितीतरी कमी आखडतं, भेग एकच आली, नाकाजवळ केसाएवढी, तीही बोटानं बुजली. वाळवायला स्वयंपाकघरात उलटी डाली आणि आत ६० चा बल्ब, जळायला नको म्हणून खवल्याला हात लावून बघत. सुकायला पाच दिवस गेले. बायकोचं म्हणणं आहे, कोंबडीची पिल्लंसुद्धा एवढी जपली नव्हती.

पत्रिकांमध्ये आमच्या लग्नाचीच एक निघाली. ती कापायची की नाही ह्यावर अर्धा तास गेला. शेवटी कापली. शेपटीच्या मुळाशी, जिथं तीनदा तडकलं होतं, तिथं लावलीय. रंग पातळ झाला की आत 'शुभविवाह' अजून वाचता येतं, म्हणून उद्या दुसरा हात मारणार.

फोडलेला शाडू भिजवून वारूळ केलंय, आत डालड्याचा डबा आणि त्याला सुतळी, शाडूतल्या दादांनी सांगितल्याप्रमाणं काथ्या घालून. त्याला तडे गेले तर जाऊ देत, वारुळाला शोभतील.

आता शेवटचं. तोंड उघडं ठेवायचं की बंद? जिभेला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणलीय.

रानजाई (खानापूर)

वारूळ समोर आहे म्हणजे जीभ बाहेर हवीच, आणि भरपूर लांब. ट्यूब चालेल, वरून वॉर्निश लावा, ओली दिसेल. तोंड मात्र मोठं उघडू नका, फट पुरे. दात तर अजिबात नकोत, त्याला नसतातच.

चकवाला

चार बसवले होते. आत्ता पक्कडीनं काढले.