उचलल्यावर ससा एकदम शांत होतो, म्हणजे रुळला की घाबरला?

ओलीदूर्वा (प्रश्न)

सहा दिवसांपूर्वी ससा दत्तक घेतला आहे. नर, साधारण ७ महिन्यांचा, पांढरा, लाल डोळ्यांचा, वजन १ किलो ९०० ग्रॅम, नसबंदी झालेली. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. ३ बाय २ फुटांचा तारेचा पिंजरा हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलाय, खाली नुसती फरशी.

दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, डोळे सताड उघडे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास मागचा पाय धपकन आपटतो. मधूनच डोकं डावीकडून उजवीकडे संथ हलवतो. वरून हात घातला की गुरकावून पुढच्या पायांनी फटका मारतो. पण बाहेर काढून मांडीवर उताणा केला की पाय सैल सोडून गप्प पडतो. सवय व्हावी म्हणून रोज दहा मिनिटं तसं धरतो. गाजर आवडीनं खातो, वाळलेल्या गवताला फारसं तोंड लावत नाही. लेंड्या कमी आणि बारीक झाल्यात.

यातलं भीतीचं लक्षण कोणतं आणि स्वभावाचा भाग कोणता? त्याला माणसाळवायला काय करायचं?

लांबकान

उताणं धरणं आजपासून बंद करा. बाकीचं सगळं सावकाश बदललं तरी चालेल, हे नाही.

तुम्हाला जी शांतता वाटतेय तो सशाचा शेवटचा उपाय आहे. शिकाऱ्याच्या तोंडात सापडला की धडपड थांबवायची आणि मेल्यासारखं पडायचं. पकड ढिली झाली की निसटायचं. अंग लुळं पडतं, पण आतून तो पूर्ण जागा असतो. नाडी वाढते, श्वास वाढतो, ताणाची संप्रेरकं वाढतात. मांडीवरून सोडल्यावर बघा, पळत जाऊन कोपरा गाठेल आणि बराच वेळ बाहेर येणार नाही. रोज दहा मिनिटं म्हणजे रोज दहा मिनिटं त्याला शिकार झाल्याचा अनुभव देणं, मग हात दिसला की तो फटका मारणारच. शिवाय धोका शरीराचाही आहे. सशाची हाडं अगदी हलकी, सगळा सांगाडा वजनाच्या ७-८ टक्केच. मागच्या पायांचे स्नायू मात्र फार ताकदीचे. अशा अवस्थेतून अचानक भान येऊन त्यानं हवेत लाथ झाडली तर स्वतःच्याच जोरानं कमरेचा मणका मोडू शकतो. मोडला तर मागचे पाय कायमचे जाऊ शकतात.

आता बसण्याबद्दल. ‘अंग चोरून बसतो’ यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात, त्यामुळे जवळून बघायला शिका. निवांत बसलेल्या सशाचे पुढचे पंजे छातीखाली दुमडलेले असतात, पाठ गोल, कान मागे पण सैल, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, नाक संथ हलतंय किंवा थांबलेलं. घाबरलेला ससा जमिनीला चिकटतो. डोकं खाली आणि पुढे, कान पाठीवर घट्ट दाबलेले, डोळे बाहेर आल्यासारखे आणि कोपऱ्यात पांढरी कडा दिसते. पंजे दुमडलेले नसतात, टेकलेले असतात. वजन मागच्या पायांवर, कुठल्याही क्षणी उडी घेता येईल असं. नाक एक तर भरभर हलतं किंवा साफ थांबतं. म्हणून नुसतं नाक बघून ठरवू नका. नाक थांबलंय आणि अंग सैल आहे तर झोप, नाक थांबलंय आणि अंग ताठ आहे तर भीती.

डोळे उघडे असणं हे मात्र लक्षण नाही. ससे डोळे उघडे ठेवूनही झोपतात.

डोकं हलवण्याचंही घाबरू नका. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, त्यामुळे नजर अधू असते आणि उजेड सहन होत नाही. समोरची वस्तू किती लांब आहे याचा अंदाज घ्यायला ते डोकं असं संथ झुलवतात. फक्त मान एका बाजूला कललेली राहत असेल, तोल जात असेल किंवा बुबुळं आपोआप थरथरत असतील, तर तो आजार असतो. कानातला संसर्ग किंवा मेंदूवर परिणाम करणारा परजीवी, दोन्ही शक्य असतात, लगेच दाखवा.

पाय आपटणं म्हणजे इशारा. खाली लिफ्ट थांबली, मांजर गच्चीवरून गेलं, नळात हवा गुरगुरली, काहीही असू शकतं. आपटून पुन्हा खायला लागला तर चांगलंच आहे. आपटून तासभर थिजून बसला तर नाही. खरं सांगायचं तर पाय आपटणारा, गुरकावणारा ससा मला कमी काळजीचा वाटतो. काही बोलायची त्याची हिंमत अजून शाबूत आहे. गप्प बसलेल्या सशाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आणि गुरकावणं वरून येणाऱ्या हातामुळे आहे. सशाला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण नाकासमोरचा थोडा भाग अजिबात दिसत नाही. वरून येतं ते त्याच्या लेखी घारच. हात बाजूनं, खालच्या पातळीवरून न्या. हुंगायला म्हणून बोटं थेट नाकासमोर धरू नका, त्याला ती दिसतच नाहीत आणि मिशांना लागली की दचकतो.

हिरवापट्टी

मी थेट लेंड्यांवर येतो, कारण तुमच्या प्रश्नात काळजीची ओळ तीच आहे आणि ती शेवटी आलीय.

सशाचं पोट सतत चालतं राहावं लागतं. घाबरला की आतड्यांची हालचाल मंदावते, मंदावली की भूक जाते, भूक गेली की आतडी आणखी मंदावतात आणि वायू धरतो. हे चक्र काही तासांत जिवावर येऊ शकतं. म्हणून भीती मोजायची तर चेहऱ्यापेक्षा लेंड्यांचा ट्रे बघा. या वजनाच्या सशाच्या लेंड्या साधारण छोट्या हरभऱ्याएवढ्या, गोल, फिकट तपकिरी असायला हव्यात आणि फोडल्या तर आत गवताचा भुसा दिसायला हवा. दिवसाला दोनशेच्या पुढे सहज होतात. तुरीच्या दाण्याएवढ्या, काळ्या, कडक झाल्या की समजा गवत कमी जातंय किंवा ताण आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही. कधी द्राक्षाच्या घडासारख्या मऊ, चकचकीत, वासाच्या लेंड्या दिसतील. त्या जुलाबाच्या नव्हेत, ससा त्या स्वतः परत खातो आणि त्याला त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. त्या तशाच पडून राहिल्या तर खाणं जास्त गोड किंवा जड होतंय.

१० ते १२ तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघू नका. पाठ कमान करून बसणं, पोट पुन्हा पुन्हा जमिनीला दाबणं, दात मोठ्यानं करकर वाजवणं हे दुखण्याचं लक्षण आहे, भित्रेपणाचं नाही. कुरवाळताना दात हलके कटकट वाजतात ते वेगळं, ते समाधानाचं. कान लावलात की फरक कळतो.

श्वास मोजायला शिका. ससा स्वतःहून बसलेला असताना लांबून कुशीची हालचाल १५ सेकंद मोजा, चारनं गुणा. मिनिटाला ३० ते ६० ठीक. तोंड उघडून श्वास घेत असेल तर तातडीनं दवाखाना, कारण ससा नाकानंच श्वास घेणारा प्राणी आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये आणखी एक घोळ होतो: ३० अंशांच्या वर त्याला उष्मा बाधतो आणि धापा टाकणं, कान लाल गरम होणं, तोंडाभोवती ओलसरपणा, सुस्त पडणं यालाच लोक घाबरलाय असं समजतात. कानांना ओला हात लावा, खोली गार करा आणि डॉक्टरांना फोन करा. गार पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंही ससे जातात.

जेवणाचं. गाजर बंद केलं तरी चालेल. फारच वाटलं तर अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. गाजराच्या गोडीवर पोट भरतं, मग गवत कोण खाणार? टिमोथीसारखं वाळलेलं गवत त्याच्या स्वतःच्या आकाराएवढ्या ढिगानं, दिवसभर समोर. ताजी हराळी चालते, पण रस्त्याकडेची नको, कुत्री आणि फवारणी दोन्हींचा त्रास. ढीग वाटीत न ठेवता लपायच्या खोक्याच्या तोंडाशी आणि ट्रेच्या एका टोकाला ठेवा. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. पाला म्हणून कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, एक एक नवा, थोडा थोडा. पालक रोज नको. लसूणघास ६ महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना ठीक, तुमच्या सशाला रोजची नको, चुना (कॅल्शियम) जास्त असतो. पेलेट (सशाचं तयार दाणेदार खाद्य) दिवसाला ४० ते ५० ग्रॅम पुरेत. आधीच्या घरी जे पेलेट होते तेच आणा आणि बदलायचेच तर ८-१० दिवसांत जुने-नवे मिसळत बदला. पोळी, ब्रेड, बिस्किट, भात अजिबात नाही. पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड वाडग्यात द्या, जास्त पितात. या वजनाला दिवसाला १०० ते ३०० मिली लागतं.

एक कळकळीची विनंती: घरात कुणाच्या दुखण्याचं उरलेलं अमॉक्सिसिलिन (प्रतिजैविक औषध) असेल तर ते सशाला तोंडावाटे देऊ नका. चांगले जंतू मरून पोटात विष तयार होतं. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलही सशाला चालत नाही.

कोपरा_आणि_खोका

मराठीत आपण रानातल्या आणि घरच्या, दोन्हींना ससाच म्हणतो, पण ते वेगळे प्राणी आहेत. आपल्या रानातला ससा उघड्यावर गवतात दबा धरून बसतो आणि वेळ आली की पळतो. तो संरक्षित आहे, पाळता येत नाही. घरचा ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशातला. म्हणजे घाबरल्यावर त्याला जायला बीळच हवं. चारही बाजूंनी उघड्या तारेच्या पिंजऱ्यात, टीव्हीशेजारी, त्याला बीळ कुठे सापडणार?

त्यामुळे हात लावायच्या आधी जागा बदला. पिंजरा भिंतीच्या कोपऱ्यात न्या, जिथून माणसांची ये-जा दिसेल पण कुणी त्याच्या मागून जाणार नाही. स्वयंपाकघराला लागून नको, मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या चालू राहतात. त्यात एक पुठ्ठ्याचा खोका उलटा ठेवा, साधारण १६ बाय १२ इंचांचा, उंची १२ इंच. दोन दारं कापा, प्रत्येक ६-७ इंचांचं, शेजारशेजारच्या बाजूंना. दार एकच ठेवलं तर ससा आत अडकतो आणि तिथेच लढायला उभा राहतो. छापील चकचकीत पुठ्ठा, चिकटपट्टी, पिना काढून टाका, कारण तो कुरतडणारच. खोक्यात असताना हात घालायचा नाही हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू, मुलांनाही.

खालची फरशी हे अर्ध्या भित्रेपणाचं मूळ असतं. टाइलवर पंजाला पकड मिळत नाही, पाय घसरतात, आणि घसरणारा ससा पळून जाता येणार नाही या धास्तीनं हलतच नाही. लोक म्हणतात, बाहेर सोडला तरी एका जागी बसून राहतो. पिंजऱ्याच्या दारापासून खोलीभर जाड चटई किंवा सतरंजी अंथरा, मग बघा. तारेचा तळ असेल तर तोही झाका, त्यानं तळव्यांना जखमा होतात. आणि ३ बाय २ झोपायला पुरेल, राहायला नाही. घडीचं कुंपण लावून किमान ६ बाय ४ फूट मोकळं द्या.

मग संध्याकाळी, तिन्हीसांजेला तो आपोआप जागा आणि भुकेला असतो, तेव्हा कुंपणात जमिनीवर बसा. त्याच्याकडे तोंड करून नाही, बाजूला वळून. पहिले तीन दिवस नुसतं बसा, अर्धा तास, पायाशी कोथिंबिरीच्या चार काड्या. तो येऊन हुंगेल, हलकी ढुशी देईल, परत जाईल. हात हलवायचा नाही. नंतर काडी हातात धरा. हातून खायला लागला की दोन डोळ्यांच्या मधोमध, कपाळावरून कानांच्या दिशेनं दोन बोटं फिरवा, चार-पाच वेळा, आणि थांबा. डोकं खाली टेकवलं तर अजून हवंय. मान आखडून मागे घेतली तर आजच्यासाठी पुरे. हनुवटी, पोट, शेपटी, पाय यांना हात नको. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, सगळं अंग तुमच्या छातीला टेकलेलं, आणि शक्यतो तुम्ही जमिनीवरच बसलेले असा. कानांना धरून कधीच नाही.

किती दिवस? तारखा ठरवू नका. रुळल्याच्या खुणा वेगळ्या असतात: तुमच्यासमोर पाय मागे लांब सोडून बसणं, एकदम कुशीवर धपकन आडवं होणं (पहिल्यांदा बघणाऱ्याला मेला की काय वाटतं), पळता पळता हवेत उडी मारून अंगाला हिसका देणं, पलंगाच्या पायाला हनुवटी घासून स्वतःचा वास लावणं. त्याच्यासाठी जोडीदार आणायचा विचारही हा टप्पा आल्यावरच करा.

ओलीदूर्वा

उताणं धरणं बंद केलं. खोका आणि चटई आली, गवत खोक्याच्या दाराशी टाकलं. काल रात्रीपासून लेंड्या थोड्या मोठ्या दिसतायत. एकच विचारायचं होतं, समोरच्या मैदानात ढोल-ताशाचा सराव सुरू होणार आहे आणि मग विसर्जन. त्या वेळी त्याला नातेवाइकांकडे हलवू का?

कोपरा_आणि_खोका

नको. आत्ता कुठे त्याला ही जागा ओळखीची वाटायला लागलीय. नवीन घर, नवीन वास आणि गाडीचा प्रवास हे ढोलापेक्षा जड पडेल. सराव सुरू व्हायच्या चार-पाच दिवस आधीच त्याचं कुंपण, खोका, चटई, ट्रे सगळं तसंच उचलून रस्त्यापासून सगळ्यात आतल्या खोलीत मांडा. चटई धुऊ नका, तिला त्याचा वास राहू द्या. खिडक्या बंद करून जाड पडदे, पंखा सुरू. पंख्याच्या घरघरीनं बाहेरचा ठोका बोथट होतो. खोक्यावर दुहेरी चादर टाका, दोन्ही दारं मोकळी ठेवून. खोक्याखाली गोधडीची घडी घाला, कारण ढोलाचा ठोका फरशीतून पायांनाही लागतो. सराव चालू असताना तुम्ही त्याच खोलीत नेहमीसारखे बसा, उचलून कवटाळू नका. आवाज थांबल्यावर कोथिंबिरीची काडी द्या. तासाभरात खाल्ली तर ठीक.

हिरवापट्टी

विसर्जनाच्या रात्री साडेदहाला ट्रे रिकामा करून ठेवा, म्हणजे सकाळी सहाला किती लेंड्या नव्या पडल्या ते नेमकं कळेल. सुट्टीच्या दिवशी ससे बघणारा डॉक्टर कुठला उघडा असतो, ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा. सगळेच दवाखाने ससे बघत नाहीत.