मदत हवी आहे: धुण्याचा सोडा अल्क की क्षार?

नमस्कार मंडळी,

मुलगी आठवीत आहे. आम्ल, आम्लारी आणि क्षार हा भाग आम्ही दोघी मिळून करतोय आणि तिच्या एका प्रश्नावर मी दोन दिवस अडकले आहे.

व्याख्या तिला कळली. आम्लाशी अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी देतो तो आम्लारी. त्यातला जो पाण्यात विरघळून हायड्रॉक्साइड आयन देतो तो अल्क. म्हणून कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) अल्क. कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे तो आम्लारी आहे पण अल्क नाही. इथवर ठीक.

मग धुण्याचा सोडा (म्हणजे सोडियम कार्बोनेट) घेतला. अर्धा चमचा सोडा कपभर पाण्यात ढवळला, तांबडा लिटमस बुडवला, तर टोकापासून निळा रंग वर चढत गेला. दोन बोटांत ते पाणी चोळलं तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली. "आई, हा अल्कच!" पण पुस्तकात सोडियम कार्बोनेट आहे क्षारांमध्ये, आणि रेणुसूत्रात हायड्रॉक्साइडचा पत्ता नाही. तिनं विचारलं, "जे त्याच्यात नाहीच, ते पाण्यात आलं कुठून?" मला सांगता आलं नाही. "पुस्तकात आहे म्हणून" असं म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये.

शिवाय हिंदीत क्षार म्हणजेच अल्क असं दिसलं, त्यानं गोंधळ आणखी वाढला.

अजून एक. तुंबलेली नळी साफ करायची पूड (डब्यावर कॉस्टिक सोडा लिहिलंय) माझ्या हातून ओल्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर सांडली. चरचर आवाज करत फेस आला, झाकण गरम झालं, आणि धुतल्यावर तिथे खरबरीत करडा डाग राहिला. धातूवर आम्ल टाकलं की हायड्रोजन निघतो हे माहीत आहे. इथे तर आम्ल नव्हतंच, मग हा कसला वायू?

प्रतिसाद १

ताई, लेकीनं नेमक्या जागी बोट ठेवलंय. हायड्रॉक्साइड सोड्यातून येत नाही, पाण्यातून येतो. कार्बोनेट आयन पाण्याच्या रेणूकडून एक हायड्रोजन आयन ओढून घेतो, आणि मागे उरतो तो हायड्रॉक्साइड. अमोनियाही असंच करतो, त्याच्याही सूत्रात हायड्रॉक्साइड नाही. सोडियम कार्बोनेट हा तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांच्यापासून बनलेला क्षार आहे, आणि त्याचं द्रावण अल्कधर्मी असतं. म्हणजे पुस्तकही बरोबर आणि लिटमसही.

किती अल्कधर्मी, ते सामूवरून (pH) कळतं; ७ म्हणजे उदासीन, त्याच्या वर अल्कधर्मी. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास, आणि लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा असेल तर १३. सामू १ नं वाढला की हायड्रॉक्साइड दहापट होतो, म्हणजे ११ आणि १३ मध्ये शंभर पटींचा फरक. बोटांचा बुळबुळीतपणा थोडाफार त्वचेवरच्या तेलाचा साबण होण्यातूनच येतो, त्यामुळे कॉस्टिक सोडा चुकूनही बोटांत चोळून पाहू नका.

झाकणावरचा वायू हायड्रोजनच. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला जपतो. अल्क तो थर विरघळवतो आणि मग उघडा पडलेला धातू अल्क आणि पाण्याशी अभिक्रिया करतो. सोडियम अॅल्युमिनेट तयार होतं, हायड्रोजन सुटतो, उष्णताही बरीच बाहेर पडते. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा जवळ ज्योत नको. ही पूड हाताळताना चष्मा आणि हातमोजे घालाच. अल्क डोळ्यात खोलवर उतरतो, आम्लापेक्षाही वाईट. गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. 'उतारा' म्हणून व्हिनेगर वगैरे अजिबात नाही.

प्रतिसाद २

शब्दांबद्दल. आपल्या शालेय मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ. हिंदीत त्याला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे अल्क. जुन्या वैद्यकातही क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून काढलेला दाहक पदार्थ. एकच शब्द दोन वाटांनी गेला.

आणि अल्कली हा शब्दही राखेतूनच आलाय! अरबीत अल-कली म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या वनस्पतींची राख. त्या राखेत भरपूर असायचं ते सोडियम कार्बोनेट, म्हणजे तुमचा धुण्याचा सोडाच. ज्याच्यावरून अल्कली हे नाव पडलं, तोच आजच्या व्याख्येत क्षार ठरला. लेकीला हे जरूर सांगा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. "मग मी चुकले नव्हते!" म्हणत ती उड्या मारत होती. आता तिला खाण्याचा सोडा तापवून धुण्याचा सोडा करायचा आहे. होतो ना? आणि झाला हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद १

होतो. कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघून जाते, सोडियम कार्बोनेट उरतं. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवा आणि आधी-नंतर वजन करा. १० ग्रॅमचे साधारण ६.३ ग्रॅम उरले की झालं. पसरट स्टीलच्या ताटलीत ठेवा, अॅल्युमिनियमच्या नको. का, ते लेक सांगेल.