प्रतिसाद: आकृत्या नकोत, भिंत घ्या

आपल्या वारशावरून अमूर्त चित्र कसं काढावं या चर्चेत वर कुणी म्हटलंय, की अजिंठ्याच्या लेण्यातलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं भित्तिचित्र धूसर करून कॅनव्हासवर आणलं की वारसा आणि अमूर्त दोन्ही साधतं. ते मत मला पटत नाही. तिथे वारसा म्हणजे फक्त ओळखीचा चेहरा उरतो. मुळात अजिंठ्याचं काम कोरड्या गिलाव्यावरचं आहे: माती, भुसा यांचा थर, वर चुन्याचा पातळ हात, मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग.

याउलट ओल्या चुन्यातलं काम जवळून बघायचं तर गोव्यातली कावी कला बघा. मोरजीच्या मोरजाई देवळात ती आहे. पांढऱ्या चुन्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, थर देतात आणि तो ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. कंपासने काढलेली वर्तुळं, एकमेकांत गुंतलेल्या पाकळ्या, पट्ट्या... देवादिकांच्या आकृत्या बाजूला ठेवल्या तरी भिंत पूर्ण वाटते. अमूर्त तिथे आधीपासूनच आहे!

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, नक्षी उचलू नका, कृती उचला. लहान फळीवर चुना-वाळूचा गिलावा करा, दोन रंगांत राहा आणि खरवडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा होतो, त्यामुळे वेळ मोजकाच मिळतो आणि रेघ आपोआप ठाम येते. अ‍ॅक्रिलिकवर तसा खडबडीत काठ मला कधी दिसलेला नाही. रंग मात्र गेरू, काव, पिवळी माती असेच घ्या, बरेच सेंद्रिय रंग ताज्या चुन्यात टिकत नाहीत. आणि हातमोजे, चष्मा घालाच, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.