प्रीबिल्ट गेमिंग पीसी ‘लूट’ म्हणणाऱ्यांना

खटपट्या_सातारा
काल इथे एकाने एका दुकानाची प्रीबिल्ट, म्हणजे जोडून तयार मिळणाऱ्या पीसीची जाहिरात टाकली होती. आय५-१२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, किंमत ८२ हजार. खाली त्याने सुट्या भागांची बेरीज मांडली ७१ हजार, आणि शेरा मारला, ‘११ हजारांची लूट. प्रीबिल्ट घेणारा मूर्ख.’ त्यावर लाइकांचा नुसता पाऊस. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मुळात ती बेरीजच धड नाही. विंडोजचा परवाना धरलेला नाही. जाहिरातीत बोर्ड (मदरबोर्ड) आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) कुठले ते दिलेलंच नव्हतं, मग याने कुठल्या वस्तूची किंमत लावली? प्रत्येक भाग ज्या साइटवर स्वस्तात स्वस्त दिसला तिथला भाव उचलला.

मला तर ८२ वाल्यापेक्षा हाच संच ७१ मध्ये देणाऱ्याची जास्त धास्ती वाटते. त्याने पैसे कुठून तरी काढलेले असणार. कुठून, ते बघायचं असेल तर बाजूची काच काढायला लावा आणि एसएमपीएसचा स्टिकर वाचा. वर ठळक अक्षरांत ५०० वॅट, आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात बारीक अक्षरांत १८ अँपिअर. करा गुणाकार, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर चालतात ते याच १२ व्होल्टवर. एकट्या ५०६० लाच १४५ लागतात, १२४००एफ टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात, ११७ पर्यंत जातो. झाले २६२, पंखे अजून धरलेलेच नाहीत! मग रॅम बघा. १६ ची एकच काडी घातली असेल तर सिंगल चॅनेल, म्हणजे मेमरीचा एकच मार्ग चालू, गेममध्ये झटके बसणार. ५०६० परवडत नाही म्हणून ३०६० घेत असाल तर १२ जीबीचं की ८ जीबीचं ते विचारा. ८ वाल्याची बस (कार्डातल्या मेमरीची वाट) १२८ बिटची, १२ वाल्याची १९२. नाव दोघांचं एकच.

हे सगळं नीट असेल तर वरचे पैसे जोडणीचे, तपासणीचे आणि बिघाड झाल्यावर एकाच माणसाला धरता येतं त्याचे. त्याला लूट म्हणू नका.

लॅमिंग्टनकर
एकाच माणसाला धरता येतं, पण किती दिवस? बहुतेक ठिकाणी एकच वर्ष. सुटा बॉक्सवाला प्रोसेसर घ्या, ३ वर्षं वॉरंटी. बऱ्या एसएमपीएसला ५, कधी १०. प्रीबिल्टमध्ये बऱ्याचदा ट्रेमधला, म्हणजे सुट्या बॉक्सशिवाय आलेला प्रोसेसर असतो, तो घेऊन थेट प्रोसेसरच्या कंपनीकडे गेलात तर ती तुम्हाला पुन्हा असेंबलरकडेच (मशीन जोडून विकणाऱ्याकडे) पाठवते. आणि मोठ्या ब्रँडांच्या काही मशीनमध्ये बोर्डही स्वतःच्या आकाराचा आणि पॉवरचा कनेक्टरही स्वतःचा. पुढे नवीन बोर्ड घालायचा म्हटलं की कॅबिनेटसकट सगळं बदला.

जोडायला लागतं काय? एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक दुपार. त्यासाठी ११ हजार मोजणाऱ्यांची मला कीव येते.

रेवती_जळगाव
कीव स्वतःजवळ ठेवा. तुमची ती ‘एक दुपार’ मुंबईतली आहे, खाली उतरलं की भडकमकर मार्गावर, म्हणजे लॅमिंग्टन रोडवर, शंभर दुकानं. आमच्या घरी धाकट्या भावाचं मशीन सुटे भाग मागवून जोडलं. डिस्प्लेच येईना. कार्डवाला म्हणे बोर्ड बघा. बोर्डवाला म्हणे एसएमपीएस बदलून बघा. एसएमपीएसवाल्याने फोन उचलणंच बंद केलं. शेवटी बोर्ड मुंबईला पाठवला, तर उत्तर आलं ‘सॉकेटची पिन वाकली आहे, वॉरंटीत बसत नाही’. पिन आम्ही वाकवली की आधीच वाकलेली आली, सिद्ध कसं करणार? भावाची परीक्षा तोंडावर, त्याचं प्रोजेक्ट अडकलेलं. त्या वेळी ११ हजार घेऊन कुणी जबाबदारी घेतली असती तर मी हसत दिले असते.

लॅमिंग्टनकर
पक्कं बिल घेतलं होतं का? तेवढं सांगा.

रेवती_जळगाव
कार्ड आणि एसएसडीचं होतं. बोर्डवाल्याने विचारलं, ‘बिल पाहिजे का? मग १८ टक्के जीएसटी वर.’ भावाने साध्या चिठ्ठीवर घेतला. एकोणीस वर्षांच्या पोराला असं विचारायचंच कशाला? दोष त्याचा की विचारणाऱ्याचा?

वहीखातं_नगर
विचारणाऱ्याचा. विषय निघालाच आहे तर बोलतोच, कारण रोज हेच बघतो. कच्च्या चिठ्ठीवर सीरियल नंबर नसतो, तारीखही धड नसते, उद्या ग्राहक आयोगात जायचं झालं तर हातात दाखवायला काही नाही. ज्यांची जीएसटी नोंदणी आहे, व्हिडिओ एडिटिंगसारखं काम करतात, त्यांचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) बुडतं. ८२ हजारांच्या पक्क्या बिलात साडेबारा हजार तर कराचेच आहेत. आता कालची बेरीज पुन्हा बघा. त्या ७१ मधला बोर्डाचा आणि कॅबिनेटचा भाव ‘फोनवर विचारला’ असं त्याने स्वतःच लिहिलंय. फोनवरचा भाव कर धरून होता का?

लॅमिंग्टनकर
फोनवरचे भाव बहुतेक कराशिवायचेच असतात, एवढं मान्य. पण म्हणून रोडवरचे सगळे चोर ठरत नाहीत. मी कायम पक्क्या बिलावरच घेतो आणि कुणी नाही म्हटलेलं नाही.

रेवती_जळगाव
तुम्हाला ओळखतात म्हणून. बाहेरगावच्या माणसाला काय भाव सांगतात आणि कसे बोलतात ते एकदा बाजूला उभं राहून ऐका.

टेबलखुर्ची_कोल्हापूर
माझं असेंब्लीचं छोटं दुकान आहे. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या असतील तर आमचंही ऐका. गिऱ्हाईक येतं, तासन्‌तास बसून कोटेशन काढून घेतं, आमच्याच यादीचा फोटो काढतं आणि सगळं ऑनलाइन मागवतं. मग कूलर बसेना की तेच खोकं घेऊन आमच्याच दारात. जोडणीचे हजार रुपये मागितले तर ‘एवढे कशाचे?’ थर्मल पेस्ट, बायोस अपडेट, रात्रभर टेस्टवर लावून ठेवणं, हे फुकट करायचं का?

आणि बेरीज आजच्या भावाने करून उपयोग नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. मेमरीचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरात आपल्या क्रुशियल ब्रँडचा किरकोळ धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या भावाच्या रॅमवर बांधलेलं मशीन आज सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडू शकतं. २०२१ ला क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं उचलली तेव्हाही हेच झालं होतं, लोकांनी कार्डासाठी अख्खं मशीन घेतलं.

लॅमिंग्टनकर
म्हणजे दुकानदार प्रीबिल्टचीच बाजू घेणार, अपेक्षितच होतं. तुमच्या कोटेशनवर तरी एसएमपीएसचं मॉडेल लिहिता का? की नुसतं ‘५०० वॅट’?

टेबलखुर्ची_कोल्हापूर
मॉडेल लिहितो, रॅमच्या काड्या किती तेही लिहितो. गिऱ्हाईक ते वाचत नाही, कार्डाचं नाव बघतं आणि शेवटचा आकडा. शेजारचा २ हजारांनी स्वस्त म्हटला की तिकडे जातं. चांगला एसएमपीएस घालून आमचीच विक्री जाते, याचा राग मी कुणावर काढू?

खटपट्या_सातारा
हेच म्हणत होतो. बेरजेचे फोटो फिरवणारे लोकच दुकानदाराला भंगार एसएमपीएस घालायला लावतात.

लॅमिंग्टनकर
सगळं गिऱ्हाइकाच्या माथी मारू नका. जाहिरातीत लपवणारा दुकानदारच असतो. पण बरं. बोर्ड-एसएमपीएसची नावं कोटेशनवर, दोन काड्या, प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरसकट पक्कं बिल आणि दुकानाची ३ वर्षांची लेखी हमी, एवढं देत असेल तर ११ जास्त घेऊ दे, मी लूट म्हणणार नाही. एका वर्षाच्या हमीला मात्र ५ हजारांच्या वर एक रुपया देणार नाही.

खटपट्या_सातारा
एका वर्षाला मीही देणार नाही. कालच्या जाहिरातीत हमी किती आहे ते त्या दुकानाला फोन करून विचारलं. एकच वर्ष म्हणाले. एसएमपीएसचं नाव विचारलं तर ‘बघून सांगतो’ म्हणाले, अजून सांगितलेलं नाही.

रेवती_जळगाव
मग ते मशीन घेऊ नका असं मीही सांगेन. पण घेणाऱ्याला मूर्ख म्हणणारा कालचा शेरा अजून तसाच आहे, तो काढा.