एलपी मोड, ३५२ पिक्सेल आणि पॉज करून काढलेले फोटो

मुलुंडकर
‘एका डिस्कवर चार तास मावणाऱ्या एलपी मोडसाठी पॅनासोनिकच घ्या, बाकी डीव्हीडी रेकॉर्डर भंगारात घाला’ असा धागा काल वाचला. पुरावा काय, तर डिस्क पॉज करून टीव्हीचे मोबाइलवर काढलेले फोटो! अहो, पॉज केल्यावर बरेच प्लेअर एकच फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळी, दाखवतात; ५७६ ओळींच्या उरतात २८८. त्यावर टीव्हीचं स्केलिंग, वर मोबाइलचं शार्पनिंग. यात रेकॉर्डर कुठे उरला?
तुलनाच करायची तर विसर्जनाच्या मिरवणुकीची व्हीएचएस कॅसेट घ्या. गुलाल, लेझीम, मागे हलती गर्दी. व्हीसीआर तोच, वायर तीच, तीच दोन मिनिटं दोन्ही मशीनवर. आणि डेटा कमी पडला की चित्रात उठणारे ठोकळे चालू चित्रात बघा.

धागाकर्ता
फोटोंचं घ्या तुमचं खरं. मूळ मुद्दा मात्र शिताफीने टाळलात. ईएस१० या मॉडेलच्या पिढीपासून पॅनासोनिक एलपीतही चित्राची पूर्ण रुंदी ठेवतो. बाकीचे बहुतेक ३५२ पिक्सेलवर, म्हणजे जवळपास निम्म्या रुंदीवर उतरतात. निम्मं चित्र फेकायचं आणि वर तुलना?

फीतमास्तर
निम्मं काय फेकलं? व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेत जेमतेम २४० रेषांचा तपशील, तोही चित्राच्या उंचीइतक्या रुंदीत. ४:३ ने गुणा, ३२० झाले. ३५२ पुरून उरतात. उलट एलपीला मिळतात सेकंदाला अडीच मेगाबिटच्या आसपास. तेच पूर्ण रुंदीवर पसरायचं म्हणजे चौघांच्या आमटीत पाणी घालून आठांना वाढायचं. गुलाल उधळला की ठोकळे उठणारच.

धागाकर्ता
आणि सेट-टॉप बॉक्सवरून रेकॉर्ड केलं तर? तिथे २४० रेषा नसतात, मास्तर.

फीतमास्तर
तिथे पूर्ण रुंदी हवी, मान्य. पण मग दोन तासांचा एसपी मोड लावा, एलपी कशाला? आणि मुंबईत २०१२ च्या शेवटी अ‍ॅनालॉग केबल गेली. हे रेकॉर्डर आता माळ्यावरून उतरतात ते कॅसेटींसाठीच.

विंडोसीट
कॅसेटीचं नाव निघालंच आहे तर, तिच्या खिडकीतून रिळावर पांढरी पूड दिसते का ते आधी बघा. चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटीला बुरशी लागतेच. ती व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसली की कुठलाही रेकॉर्डर मुंग्याच रेकॉर्ड करणार.

बाप्या गिरगाव
सोपं आहे. दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवायच्या.

विंडोसीट
पापड आहेत का ते? उन्हाने फीत वेडीवाकडी होते, कडा लहरतात, मग ट्रॅकिंग, म्हणजे हेडचा फितीवरचा माग, जन्मात जुळत नाही. सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. मग खालचे पाच स्क्रू काढून रिळं दुसऱ्या कवचात घाला. तोंडाला मास्क लावा, पूड उडते. फीत पुसायला बळीचा बकरा म्हणून वेगळा व्हीसीआर ठेवा. चांगल्यात घातलीत तर पुढच्या प्रत्येक कॅसेटीला प्रसाद मिळेल.

बाप्या गिरगाव
हेड काय, कान साफ करायच्या काडीने पुसलं की झालं. उगाच बाऊ.

विंडोसीट
हीच काडी हेड मारते! कापसाचा धागा हेडच्या टोकात अडकतो आणि टोक तुटतं. शॅमॉय चामडं आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला टेकवून स्थिर धरायचं आणि ड्रम वरच्या बाजूने हाताने फिरवायचा. वर-खाली घासलंत की कारभार आटोपला.

मुलुंडकर
धागा पार भरकटला. तरी एक कबूल करतो, धागाकर्ते, हुरळून जाऊ नका. चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा फडफडत असेल तर ईएस१० मध्ये रेकॉर्डिंग न करता त्यातून नुसता सिग्नल पुढे काढला तरी ओळी सरळ होतात. फक्त लाइन-इनचं, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सिग्नलचं, नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात.

धागाकर्ता
म्हणजे भंगारातलं सोडून पॅनासोनिकच उचलायचा! आभारी आहे. आता १८० मिनिटांच्या कॅसेटीचं काय ते सांगा.

फीतमास्तर
एका डिस्कवर कोंबू नका, साडेतीन मेगाबिटही मिळत नाहीत, आणि त्यातूनच आवाजाचा वाटा जातो. एफआर मोडमध्ये, म्हणजे वेळेनुसार डिस्क पूर्ण भरणाऱ्या मोडमध्ये, ९०-९० मिनिटांच्या दोन डिस्क करा. प्रत्येकीला साडेसहाच्या वर मिळतात. शेवटी फायनलाइज करा, म्हणजे डिस्क इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद करा. तसं न करता डिस्क दुसऱ्या प्लेअरमध्ये घातली आणि चालली नाही, तर ‘रेकॉर्डर भंगार’ म्हणून नवा धागा काढू नका.