पॅकिंग दोनदा बदललं तरी पोकलेन ९० सीकेचा बूम खाली बसतोय

कालवा_ऑपरेटरचा_मुलगा, कराड

नमस्कार मंडळी. क्रशरच्या मागे बाभळीखाली सतरा वर्षं उभं असलेलं एल अँड टीचं पोकलेन ९० सीके मी गेल्या वर्षी भंगाराच्या भावाने घेतलं. धंद्यासाठी नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, कालव्याच्या कामांवर याच मॉडेलचे ऑपरेटर होते. मी शाळेत असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन साइटवर जायचो आणि केबिनच्या पायरीवर बसून राहायचो. हे मशीन परत चालताना बघायचं आहे, एवढंच.

टाकीतून आधी ताकासारखं पांढरं पाणी निघालं. दोन वेळा फ्लश करून ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल भरलं. सगळे होज पाइप नवीन केले. इंजिन आठ दिवसांच्या खटपटीनंतर चालू झालं. बूमच्या, म्हणजे मशीनच्या मोठ्या हाताच्या, दोन्ही सिलेंडरचे रॉड गंजाने खाल्ले होते, ते क्रोमचा मुलामा चढवायला दिले. पहिल्या ठिकाणचं क्रोम पंधरवड्यात पापुद्र्यासारखं सुटलं आणि त्या कपच्यांनी सिलेंडरमध्ये तेल अडवणारं नवं पॅकिंग चिरलं. दुसरीकडे परत करून घेतलं, पॅकिंगही परत नवीन.

आता अडचण अशी. बकेट जमिनीपासून दीड मीटर उचलून इंजिन बंद केलं की वीस मिनिटांत बकेट खाली टेकते. रॉडवर तेलाचा थेंब नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो पॅकिंग बदल. शिवाय तेल तापलं की उजवी चेन ओढत नाही, थंड असताना दोन्ही सारख्या चालतात. एक मिस्त्री म्हणतात, जुना कंट्रोल व्हॉल्व्ह (लीव्हर हलवला की तेल वाटणारा) काढून नव्या मशीनचा बसवून टाक. माझं मन तयार होत नाही. खंडेनवमीला अण्णांच्या हातून मशीनची पूजा करायची आहे. काय करू?

व्हॉल्व्हवाला, भोसरी

दादा, तिसऱ्यांदा पॅकिंग घेऊ नका. तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडतोय, ही एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला कागदावर काढून दाखवतो.

बूमचं वजन रॉडला सिलेंडरच्या आत ढकलतं. समजा पॅकिंग पूर्ण गेलं. मग खालचं तेल पिस्टनच्या बाजूने वर येईल, बरोबर? पण रॉड आत शिरला म्हणजे त्याच्या जाडीएवढी जागा त्याने खाल्ली. तेवढं तेल जाणार कुठे? तेल दाबून लहान होत नाही. दोन्ही पोर्ट खरोखर बंद असतील तर बूम तिथेच थांबायला हवा. तो बसतोय म्हणजे तेल सिलेंडरच्या बाहेर निघून जातंय. तुमचा रॉड कोरडा आहे, होज नवीन आहेत. राहिला कंट्रोल व्हॉल्व्ह. एक तर बूमचा स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हमधला तेलाची वाट उघडणारा-बंद करणारा दांडा, घासलाय, नाहीतर त्या सेक्शनचा रिलीफ (जादा दाब सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) नीट बसत नाही.

मग पॅकिंग बदलल्यावर थोडा फरक का पडतो, तर पॅकिंग गेलेलं असताना सगळं वजन नुसत्या रॉडच्या क्षेत्रफळावर येतं. १४० मिमी बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) आणि १०० मिमी रॉड धरला तर बोअरचं क्षेत्रफळ १५४ चौ. सेंमी, रॉडचं ७८.५. म्हणजे आतला दाब जवळजवळ दुप्पट आणि स्पूलमधली गळतीही तितकीच जास्त. पॅकिंग घातलं की दाब निम्म्यावर येतो, बूम हळू बसतो, आणि माणसाला वाटतं रोग तिथेच होता.

खात्री अशी करा. बकेट आणि आर्म (बूमपुढचा हात) जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, सगळे लीव्हर चारी बाजूंना हलवून दाब सोडा. बूम सिलेंडरकडे जाणारे होज व्हॉल्व्हकडून सोडून त्यांच्या तोंडावर स्टीलचे, दाब सोसणारे प्लग मारा. व्हॉल्व्हची उघडी तोंडंही बंद करा. मग इंजिन चालू करून फक्त आर्मने बकेट उचलून घ्या. बूमचा लीव्हर शिवायचा नाही. आता बूम थांबला तर दोष व्हॉल्व्हचा. बूमखाली कुणी उभं राहू नये.

उजव्या चेनचं सेंटर जॉइंट वाटतं, म्हणजे वरच्या फिरत्या भागातून खाली चेनच्या मोटरकडे तेल नेणारा सांधा. तेल पातळ झालं की दोष दिसतो, ही त्याचीच खूण. सेंटर जॉइंटच्या वरचे उजवे-डावे होज अदलाबदल करा. दोष डावीकडे गेला तर पंप किंवा व्हॉल्व्ह. उजवीकडेच राहिला तर वरचे होते तसे लावा आणि जॉइंटच्या खालचे बदला. आता दोष डावीकडे गेला तर जॉइंट, उजवीकडेच राहिला तर मोटर.

आणि हात जोडून सांगतो, गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. सुरुवातीला मुंगी चावल्याएवढंच वाटतं. आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोराचं बोट काढावं लागलं, कारण तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. असं झालं तर त्याच तासाला सर्जनकडे.

उद्यमनगर_टर्नर, कोल्हापूर

जुना व्हॉल्व्ह फेकू नका हो! दुसऱ्या मशीनचा बसवला की पंपाशी त्याचं जमत नाही, मग रिलीफ सेट करत बसा. स्पूल काढून नखाने बघा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. त्याचा बोअर (भोक) होन करायचा, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचा, स्पूलला क्रोम चढवून त्या बोअरच्या मापाला ग्राइंड करायचा. सगळा खेळ मायक्रॉनचा. स्पूल तेल लावून बोअरमध्ये सोडला की आपल्या वजनाने सावकाश खाली गेला पाहिजे, धपकन नाही. प्रत्येक स्पूल त्याच्याच भोकाचा, त्यामुळे काढताना खुणा करा.

तुमचं क्रोम सुटलं ते खालचा गंज पूर्ण ग्राइंड न करता चढवल्यामुळे. पुढच्या वेळी रॉड ग्राइंड झाल्यावर स्वतः जाऊन बघा, मगच टाकीत सोडू द्या.

स्टोकचा_सातारकर, इंग्लंड

आमच्याकडे जेसीबीच्या कारखान्याचं रोसेस्टर गाव जवळच आहे. इथली माणसं जुनी हायमॅक ५८० (ब्रिटिश खोदयंत्र) घेऊन वर्षानुवर्षं तिच्यामागे असतात, जत्रेत आणून खड्डा खणतात आणि परत बुजवतात. मी दर उन्हाळ्यात मुलीला घेऊन जातो. त्यांच्याकडून शिकलेली एक गोष्ट: रंग सगळ्यात शेवटी. आणि सुटा केलेला प्रत्येक भाग कुठल्या बाजूने बसला होता याचा फोटो.

तुमचं मशीन वाचायलाच हवं. ल प्लेसी-बेलव्हिलच्या पोकलेन या फ्रेंच कंपनीने १९५१ मध्ये आपलं पहिलं हायड्रॉलिक खोदयंत्र केलं आणि आपण आज कुठल्याही कंपनीच्या मशीनला पोकलेनच म्हणतो. जपानमध्ये असंच ‘युंबो’ म्हणतात, तेही एका फ्रेंच मशीनचंच नाव. शब्द गावोगाव आहे, पण मूळ पोकलेन आता शोधावी लागते.

कालवा_ऑपरेटरचा_मुलगा, कराड

भोसरीचे दादा, तुमचे पाय धरायला हवेत. रविवारी प्लग मारून चाचणी घेतली. रॉडवर खडूने रेघ मारली होती, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती जागची हलली नाही.

व्हॉल्व्ह उघडला. बूमच्या स्पूलवर एका बाजूने उभा ओरखडा आहे, नख अडकतं. बाकीचे स्पूल आरशासारखे. पाणी साचलं तेव्हा तो एकच स्पूल अर्धवट बाहेर राहिला असावा. अण्णांना दाखवला, ते लगेच म्हणाले, “कुणीतरी बूम टेकवताना लीव्हर पुढेच ठेवून उतरला.” मग बराच वेळ तो स्पूल फडक्याने पुसत बसले. बुधवारी घेऊन कोल्हापूरला येतोय.

होज वरून बदलले तर दोष उजवीकडेच, खालून बदलले तर डावीकडे गेला. म्हणजे सेंटर जॉइंटच. उघडल्यावर आतल्या रबरी ओ-रिंगचे तुकडे निघाले, बोटाने चुरडले जातात इतके कडक. तुकड्यांवरून माप कळत नाही. ग्रूव्हची रुंदी आणि खोली मोजून ओ-रिंग घेतली तर चालेल का, की शाफ्ट फिरता असल्यामुळे माप वेगळं धरायचं? खंडेनवमीला एकोणीस दिवस आहेत.