घर गरम ठेवायला काय घ्यावं? (लवकर सांगा)

घाईगडबड: ऑइल हीटर, हीट पंप, बॉयलर, फरशीखालचं हीटिंग... वाचून वाचून डोकं फिरलंय. सगळ्यात कमी खर्चात काय पडतं? या आठवड्यात ठरवायचंय. "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं कृपया सांगू नका.

निवांत: परिस्थितीवरच अवलंबून आहे :) घर स्वतःचं की भाड्याचं? गॅस आहे का? सध्या काय वापरता?

चिमणीवाला: लाकडाची शेगडी. डोळे मिटून. वीज गेली तरी घर ऊबदार.

विजेचा_किडा: ब्लोअर घ्या, हॅलोजन घ्या नाहीतर ऑइल हीटर, एका युनिट विजेतून उष्णता तेवढीच मिळते. २००० वॉटचा हीटर सलग ८ तास चालला की १६ युनिट गेले. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे १ युनिटमध्ये साधारण ३ युनिटांची ऊब. हिशेब तुम्हीच करा.

चिमणीवाला: कडाक्याच्या थंडीत तुमच्या पंपाच्या बाहेरच्या युनिटवर बर्फ चढतो, मग तो आधी स्वतःलाच शेकत बसतो.

विजेचा_किडा: त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात, काही मिनिटांचं काम. थंडीत ३ चे २ होतील, तरी हीटरच्या दुप्पटच. तुमच्या शेगडीची राख कोण काढतं? वहिनी?

चिमणीवाला: राख मीच काढतो. वहिनींना मध्ये आणू नका.

हळदीचं_दूध: हीटरने खोलीतला ऑक्सिजन संपतो म्हणे. आम्ही पाण्याचं पातेलं ठेवतो.

निवांत: ऑइल हीटर काहीच जाळत नाही, ऑक्सिजन कसा संपेल? हवा तापली की कोरडी वाटते, पातेल्याचा उपयोग झाला तर तेवढ्यापुरता. बंद खोलीत गॅसची किंवा कोळशाची शेगडी मात्र नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सूर्यपुत्र: आंघोळीच्या पाण्यासाठी सोलर बसवा. आम्ही खूश आहोत.

निवांत: पाण्याचं कुणी विचारलंय? धागाकर्ते कुठे गायब?

घाईगडबड: ऑफिसात होतो. घर भाड्याचं. गॅसचा बॉयलर आणि त्याच्या गरम पाण्यावर तापणारे भिंतीवरचे रेडिएटर आहेतच की. हॉल मस्त गरम, पण झोपायच्या खोलीत कुडकुडतोय.

निवांत: अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! भाड्याच्या घरात हीट पंप कोण बसवून देणार? त्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावा. गार कुठे लागतो, वर की खाली?

घाईगडबड: वर गार, खाली गरम. पण माझा प्रश्न खर्चाचा होता.

विजेचा_किडा: खाली गार असता तर गाळ म्हटला असता. ही आत अडकलेली हवा आहे.

निवांत: खर्च शून्य. बॉयलर बंद करून रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या टोकाला छोटा चौकोनी स्क्रू दिसेल. खाली वाटी आणि फडकं धरून रेडिएटरच्या चावीने हळूच सैल करा. सुस्स करत हवा जाईल, पाणी आलं की लगेच आवळा. मग बॉयलरचा दाब बघा. गार असताना १ ते १.५ बार हवा.

चिमणीवाला: शेगडीला चावी लागत नाही.

घाईगडबड: मालकाला विचारलं. म्हणतात, "कसली चावी?"